वांद्र्याच्या पाखाड्या आणि वाटा

वांद्रें गांव कसें वाढलें हें पाहूं लागलों म्हणजे प्रथम पाखाड्याच आमच्या डोळ्यांपुढें येतात. रनवार, शेर्ली, राजन, पाली, चुईम! त्यांच्या आळ्या अरुंद व वांकड्या खऱ्या. परंतु एकींतून दुसरींत आणि दुसरींतून तिसरींत मनुष्य सहज निघे. १८९६ सालच्या प्लेगाच्या दिवसांत लोकांनीं वाटांवर क्रूस उभारले. त्यांपैकीं कित्येक अद्यापि उभे आहेत.

माहीमच्या खाडीवरील कॉजवे १८४५ सालीं खुला झाला. लेडी आवाबाई जमशेटजी यांनीं त्यासाठीं १,५७,००० रुपये दिले. तत्पूर्वीं होडीवांचून गति नव्हती. पुढें आगगाडी आली आणि गांवाचें उपनगर होऊं लागलें.

प्लेगानंतर, १८९८ सालीं, मुंबईंत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व त्यानें दादर-माटुंग्यास आंखीव रस्ते पाडले. १९१५ च्या नगररचना कायद्यानें तीच रीत उपनगरांत आणली. तिची युक्ति आम्हांस फार समंजस वाटते: मालकांचे वेडेवांकडे तुकडे एकत्र करावयाचे, रस्त्यांपुरती जमीन काढून घ्यावयाची आणि उरलेली चौरस करून ज्याची त्यास परत द्यावयाची. शेजारच्या खारचे नंबरी रस्ते पाहावे. एक बंद पडला तर दुसऱ्यानें जातां येतें.

१९५० व १९५७ सालीं मुंबईची हद्द वाढून दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. नंतरच्या कित्येक वसाहतींभोंवतीं भिंत, एकच फाटक, आणि आंत कोठेंच न जाणारा रस्ता! हें केवळ येथेंच घडलें असें नव्हे. बॅरिंग्टन-ली व मिलर्ड-बॉल या संशोधकांनीं २०२० सालीं दाखविलें कीं, १९७५ पासून जगभर नवे रस्ते एकमेकांस कमी जोडलेले होत आहेत. घर पाडून पुन्हां बांधतां येतें. रस्त्याची आंखणी मात्र बहुधा पिढ्यान् पिढ्या बदलत नाहीं. रुंदीचें कौतुक पुष्कळ होतें, जोडणीचें कोणी करीत नाहीं.

आमच्या परिचयाच्या एका आळीच्या टोकाशीं अलीकडे अशीच भिंत आली. जी वाट चार मिनिटांची होती तिला आतां हमरस्त्यानें वळसा पडतो, आणि सकाळच्या मिस्सेस नित्य पायीं येणाऱ्या दोघी वृद्धा आतां केवळ रविवारींच, रिक्षा मिळाली तर, येतात. पाखाडीकरांनीं भिंतींत दोन हात रुंदीची वाट मागितली आहे. त्यांच्या पत्रास अद्यापि उत्तर आलेलें नाहीं.