दापोडीची बाग आणि पवनेचा हिशेब

पिंपळे गुरवहून पवनेवरचा पूल ओलांडला की दापोडी लागते. पेशव्यांसाठी इंग्रजी पद्धतीने उभ्या केलेल्या पलटणीचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याचा बंगला इथे होता. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात तो सरकारी निवास झाला आणि १८२८ मध्ये त्याच्या आवारात वनस्पती उद्यान सुरू झाले. १८६५ मध्ये ते बंद पडले आणि १८७३ मध्ये गणेशखिंडीत नवे उद्यान आले. गणेशखिंडीचे उद्यान आज जैवविविधता वारसास्थळ आहे; दापोडीची बाग मात्र साहेबाची हौस म्हणून एका ओळीत आटोपली जाते. पण शेती आणि पाणी यांचे नाते समजून घ्यायचे असेल तर दापोडीकडेच वळावे लागते. हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटाने जगापुढे ठेवलेल्या दोन गोष्टी या बागेच्या इतिहासात शेजारी दिसतात: एक म्हणजे ऊस, दुसरी म्हणजे झाड आणि पाणी यांचा संबंध. त्यातली पहिली आपण उचलली, दुसरी अर्धीच.

मॉरिशसवर पाम्पलमूसचे प्रसिद्ध उद्यान ज्याने नावारूपाला आणले, तो प्येर प्वाव्र बेटाचा फ्रेंच प्रशासकही होता. १७६९ मध्ये तिथे नियम झाला की जमीनधारकाने आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा, विशेषतः डोंगरउतार, जंगलाखाली ठेवावा आणि पाण्यालगतची झाडे तोडू नयेत. बेटावर हे सुचणे साहजिक होते. तिथे डोंगरावर कुऱ्हाड चालली की खालचा ओढा आटलेला त्याच पिढीला दिसतो, आणि बाहेरून पाणी आणण्याची सोय नसते. दख्खनमध्ये नदी दुरून येते, त्यामुळे तिचा उगम नजरेआड राहतो. लोणावळ्याच्या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पिंपळे गुरव-दापोडीत जेमतेम सातशे. म्हणजे दापोडीच्या काठावरून वाहणारे पाणी मुख्यतः मावळच्या डोंगरांचे.

१८३८ पासून दोन दशकांहून अधिक काळ ही बाग डॉ. अलेक्झांडर गिब्सन याच्या हाती होती. दापोडीबरोबरच जुन्नरजवळ हिवरे इथल्या बागेत त्याने औषधी वनस्पती वाढवल्या. याच काळात मॉरिशसचा ऊस आणि रेशमासाठी तुती या भागात रुजवण्याचे सरकारी प्रयत्न चालू होते. तुती टिकली नाही, ऊस टिकला. दख्खनच्या शेतकऱ्याला ऊस नवा नव्हता. पण विहीर आणि मोट जेवढे पाणी देई तेवढ्यातच त्याचा फड मावे. १८७० च्या दशकात खडकवासल्याचे धरण आणि मुठेचे कालवे झाले आणि ती मर्यादा सुटली. चार महिने पावसाच्या मुलखात वर्षभर पाणी मागणारे पीक पसरू शकले. त्याचा दोष शेतकऱ्याला देणे अन्यायाचे ठरेल. खात्रीचा पैसा ज्या पिकात, तेच तो लावणार. पाण्याची खरी किंमत त्याला कोणी सांगितलीच नव्हती.

गिब्सनला मात्र दुसरी बाजूही दिसत होती. कोकणात जंगल तोडल्यावर झरे आटतात आणि खाड्या गाळाने भरतात, असे त्याने १८४० च्या दशकात सरकारला कळवले. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला; मद्रास इलाख्यात असे पद यायला १८५६ उजाडले. यावर आक्षेप येतो की ईस्ट इंडिया कंपनीला झाडांचा नव्हे, मुंबईच्या गोदीला लागणाऱ्या सागवानाचा कळवळा होता. आक्षेप खरा आहे. संरक्षणाचा भार पडला तो डोंगरावर कुमरी (फिरती शेती) आणि राब (पालापाचोळा जाळून रोपांची जमीन भाजणे) करून पोट भरणाऱ्यांवर. दुसरा आक्षेप शास्त्राचा: सह्याद्रीचा पाऊस मोसमी वाऱ्यांचा आहे, झाडे लावल्याने तो वाढत नाही, उलट झाडे पाणी पितात. हेही बरेचसे बरोबर आहे. त्या काळी जंगल आणि पर्जन्य यांचा संबंध अतिशयोक्तीने मांडला गेला. तरी उतारावरची माती धरून ठेवणे आणि पाण्याला मुरायला उसंत देणे हे झाडोऱ्याचे काम कोणी खोडून काढलेले नाही. हेतू स्वार्थी होता म्हणून निरीक्षण खोटे ठरत नाही. फक्त त्याची किंमत कोणी मोजली हे विचारावे लागते.

हाच प्रश्न पुढे पवनेवर पुन्हा उभा राहिला. १९७० च्या दशकात पवना धरण झाले आणि पिंपरी-चिंचवड त्यावर वाढले. नदीत सोडलेले पाणी शहर रावेतला उचलते. धरणापासून थेट बंद जलवाहिनी टाकण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी त्यांच्या आंदोलनावर झालेल्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. जलवाहिनीच्या बाजूने एक नेटका युक्तिवाद होता: बंद नळातून पाणी कमी वाया जाते आणि स्वच्छ राहते. पण शहराच्या हिशेबात वाया गेलेले ते पाणी काठच्या विहिरींना आणि पिकांना मिळत होते. बचत कोणाच्या ताळेबंदात मांडली, यावर तिचा अर्थ ठरतो.

म्हणून उद्यानात ठिबक बसवणे, सांडपाणी शुद्ध करून झाडांना देणे, पालापाचोळ्याचे खत करणे या गोष्टी आवश्यक असल्या तरी पुरेशा नाहीत. पिंपळे गुरवच्या डायनासोर उद्यानापासून चाकणच्या कारखान्यांच्या हिरवळीपर्यंत हे सगळे कुंपणाच्या आतले काटकसरीचे उपाय आहेत. प्वाव्रचा नियम कुंपणाबाहेरच्या उतारापर्यंत जात होता. गिब्सनही तिथवर पोचला, पण उतारावरच्या माणसाला त्याने वाटेकरी न मानता अडथळा मानले. ही उणीव आज भरून काढता येईल. पवनेचे पाणी वापरणाऱ्या शहराने पाणीपट्टीतला ठरावीक वाटा मावळातली वनराई, ओढ्यांची डागडुजी आणि तिथल्या गावांच्या सिंचनासाठी द्यावा, आणि त्याचा विनियोग ग्रामसभांनी ठरवावा. याला कोणी उपकार समजू नये. गेल्या दोनशे वर्षांत थकलेली ही रास्त किंमत आहे.