नावातून गळलेले आरोग्य : पर्यावरणीय आरोग्यविज्ञानाच्या अध्यापनाचा मागोवा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी स्तरावर मुख्य विषयाच्या जोडीला गौण विषय, अर्थात मायनर, घेण्याची तरतूद झाली. त्यासाठी पर्यावरणीय आरोग्यविज्ञान सुचविल्यास हा विषय परदेशी विद्यापीठांतून उसना आणलेला आहे, असा आक्षेप घेता येईल. इतिहास तसे सांगत नाही. हवा, पाणी, सांडपाणी आणि रोग यांचा एकत्रित विचार आपल्याकडे होता. ‘पर्यावरण’ हा शब्द रूढ होत असताना त्यातील आरोग्य मागे पडले.

डिसेंबर १९५५ मध्ये दिल्लीत काविळीची मोठी साथ उद्भवली. नजफगड नाल्याचे सांडपाणी यमुनेवरील वझिराबाद येथील उपसा केंद्रापर्यंत पोहोचले होते. सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. परंतु टायफॉइडच्या रुग्णांत तशी वाढ आढळली नाही. क्लोरीनने जिवाणू मेले, विषाणू तगला. हा विषाणू हिपॅटायटिस-ए चा नव्हता, हे फार पुढे स्पष्ट झाले. अभियंता, रसायनतज्ज्ञ आणि वैद्य यांपैकी एकट्यादुकट्याला उलगडणारे हे कोडे नव्हते.

१९५८ मध्ये नागपूर येथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. पाणीपुरवठा, सांडपाण्याची विल्हेवाट, संसर्गजन्य रोग आणि काही अंशी व्यवसायजन्य रोग हे तिचे आरंभीचे कार्यक्षेत्र होते. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनंतर वारे बदलले. १९७४ मध्ये या संस्थेचे ‘राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था’ (नीरी) असे नामांतर झाले. संस्थेचे काम विस्तारले, हे मान्य करावेच लागेल. तथापि नावातून ‘सार्वजनिक आरोग्य’ गेले, ही बाब केवळ शाब्दिक मानता येत नाही.

महाविद्यालयांपर्यंत पर्यावरण पोहोचले ते न्यायालयामार्फत. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण शिक्षणाविषयी निर्देश दिले. अंमलबजावणी रेंगाळली आणि डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांसाठी तयार केलेला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम ५० व्याख्यानांचा होता. त्यात ‘पर्यावरण आणि मानवी आरोग्य’ कोठे होते? सातव्या घटकात, कुटुंबकल्याण कार्यक्रम आणि मानवी हक्क यांच्या मधोमध, एका ओळीत. त्या संपूर्ण घटकाला सहा व्याख्याने होती. १९८४ ची भोपाळ दुर्घटना अनुभवलेल्या देशात हे प्रमाण विचार करावयास लावते.

क्षेत्रकार्याला पाच तासिका होत्या. तरतूद चांगली होती, पण अनेक वर्गांत तिचे रूपांतर एकमेकांच्या वह्यांतून उतरविलेल्या प्रकल्पांत झाले, हे आपण सर्वच अध्यापक जाणतो. सक्तीच्या विषयाची ही मर्यादा होती. मायनर विद्यार्थी स्वतः निवडतो आणि तो अनेक सत्रे चालतो. म्हणून येथे वेगळी शक्यता संभवते. गावातील जलसुरक्षक पाण्याची ओ.टी. चाचणी करतो, त्या पाण्याचे नमुने रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तपासता येतील, सूक्ष्मजीवशास्त्रात कोलिफॉर्म मोजता येतील आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील अतिसाराच्या नोंदींशी त्यांची सांगड संख्याशास्त्राच्या साहाय्याने घालता येईल.

मात्र या चार कामांचा कार्यभार कोणत्या विभागाच्या खाती लिहावयाचा, हे अभ्यासमंडळाने आधी ठरविले पाहिजे. तसे न झाल्यास हा विषय ज्या विभागाकडे तासिका कमी पडतात त्याच्या पदरी टाकला जाईल, आणि क्लोरीनचे प्रमाण फळ्यावरच शिकविले जाईल.