अमेरिकेची दुसरी घटनादुरुस्ती : बंदुकीचा हक्क नेमका कोणाचा?
अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसरी दुरुस्ती १७९१ सालची. तिच्यात शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे, पण वाक्य सुरू होते ते नागरी सेनेपासून. म्हणून वाद : हक्क सेनेपुरता की प्रत्येकाचा? २००८ मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो व्यक्तीचा ठरवला.

पण हा हक्क सर्वांना सारखा कधी होता? १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारताना, नागरिक झाले तर शस्त्रे बाळगतील, हेही कारण दिले गेले. पुढे ब्लॅक पँथर (आपल्या दलित पँथरने १९७२ ला नाव घेतले ते यांच्यावरूनच) ओकलंडमध्ये बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले. तेव्हा १९६७ मध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यास बंदी घालणाऱ्या मलफर्ड कायद्यावर सही केली. नॅशनल रायफल असोसिएशनचाही त्याला पाठिंबा होता.