लूपमधील बदलती नावे

लूपमधील बदलती नावे : सांख्यिकीय प्रोग्रामिंगमध्ये लूपच्या प्रत्येक फेरीत लागणाऱ्या फाइलचे किंवा चलाचे नाव हाताने न लिहिता त्या फेरीच्या आकड्यावरून प्रोग्रामकडूनच तयार करून घेण्याची पद्धत. बारा महिन्यांच्या बारा फाइली वाचायच्या तर ‘विक्री_’ या कायम भागाला दर फेरीत महिन्याचा आकडा जोडला जातो.

स्टेटा आणि सॅस या प्रणालींत हे काम मॅक्रो करतो. मॅक्रो म्हणजे निव्वळ मजकुराची भरणी. आज्ञा चालण्याआधीच त्याच्या जागी त्याचे मूल्य लिहिले जाते. म्हणून फाइल, स्तंभ, आलेख अशा कशाच्याही नावात तो बसतो. फसगत होते ती विरामचिन्हांत. सॅसमध्ये मॅक्रोचे नाव संपल्याची खूण टिंब असते. ते टिंब मॅक्रोच गिळतो, त्यामुळे महिन्याच्या आकड्यापुढे ‘.सीएसव्ही’ हवे असेल तर सलग दोन टिंबे द्यावी लागतात. स्टेटात मॅक्रोच्या लगेच आधी बॅकस्लॅश आला की मॅक्रो उलगडतच नाही. विंडोजमधले फोल्डरांचे मार्ग बॅकस्लॅशनेच लिहिण्याची सवय असल्याने नवशिके इथे हमखास अडकतात. साधा स्लॅश वापरला की काम भागते.

रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी ऑकलंड येथे सुरू केलेल्या आर या भाषेत (आवृत्ती १.०.०, फेब्रुवारी २०००) असे मॅक्रो नाहीत. तेथे नाव ‘पेस्ट०’ किंवा ‘स्प्रिंटएफ’ने जोडतात. फाइलसाठी एवढे पुरते, कारण फाइलचे नाव ही मुळात स्ट्रिंगच, म्हणजे अक्षरांची मालिकाच, असते. चलाचे तसे नाही. स्ट्रिंगवरून चल निर्माण करायला ‘असाइन’ आणि तो परत वाचायला ‘गेट’ लागते. हे चालते, पण सहसा करू नये. ही सवय बहुधा स्टेटाकडून येते. तेथे २०१९ साली फ्रेम येईपर्यंत स्मृतीत एका वेळी एकच विदासंच राहत असे, त्यामुळे स्तंभांना क्रमांकित नावे देणे ओघानेच आले. आरमध्ये लिस्ट आहे : बारा तक्ते एका लिस्टमध्ये ठेवून प्रत्येकाला महिन्याचे नाव दिले की ‘लॅप्लाय’ने सगळ्यांवर एकच क्रिया करता येते. आरच्या अधिकृत प्रश्नोत्तरांतही स्ट्रिंगचा चल करू पाहणाऱ्याला लिस्टच सुचवली आहे.

फाइलच्या नावात आकडे शून्य लावून सारख्या लांबीचे करावेत : ०१, ०२ … १२. एरवी वर्णानुक्रमात १० हा २ च्या आधी येतो, आणि फाइली क्रमाने महिन्यांशी जुळवल्यास ऑक्टोबरचे आकडे भलत्याच महिन्याखाली जातात. याबद्दल कोणतीही प्रणाली तक्रार करत नाही. नावात फेरीचा आकडा घालायचाच राहिला तर मात्र स्टेटाची ‘सेव्ह’ आज्ञा ‘रिप्लेस’ म्हटल्याखेरीज दुसऱ्याच फेरीत अडते, आरची ‘राइट.सीएसव्ही’ न विचारता जुनी फाइल पुसत जाते आणि हाती फक्त डिसेंबर उरतो.