ऐकणाऱ्याचे काम

शिवडी म्हटले की किल्ला आणि खाडीतले रोहित पक्षी आठवतात. सामूहिक अध्ययनाच्या इतिहासासाठी मात्र आम्हांस तेथील बीडीडी चाळींकडे पाहावेसे वाटते. वरळी, नायगाव, डिलाईल रोडप्रमाणे येथेही त्या १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची.

या गिरणी-गोदीच्या मुलखात शिकणे सहसा एकट्याने होत नसे. ना. म. जोशी यांच्या पुढाकाराने १९११ साली स्थापन झालेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा व वाचनालये चालवली. त्याखेरीज चाळीची गॅलरी हीही एक शाळाच होती. एक जण वर्तमानपत्र मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. जेमतेम दीड दिवस शाळेत गेले असे ज्यांच्याविषयी सांगतात, ते अण्णा भाऊ साठे माटुंग्याच्या लेबर कॅम्पात सोबत्यांच्या संगतीने शिकले, ते याच वातावरणात.

या मंडळात ऐकणाराही शिकवत असे. त्याच्या कपाळावर आठी उमटली की वाचणारा थांबे, शब्द फोडून सांगे आणि सांगता सांगता स्वतःही तो नव्याने शिके.

मार्च २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये बंद होऊन वर्ग मोबाइलवर आले, तेव्हा ही आठी दिसेनाशी झाली. गटातला विद्यार्थी गप्प आहे तो समजले म्हणून, समजले नाही म्हणून, की धाकट्या भावंडाने मोबाइल नेला म्हणून, हे कळायला मार्ग उरला नाही. गटप्रकल्प दोघांनी लिहावा आणि सहांनी नावे लावावीत, या जुन्या खोडीलाही आयता आडोसा मिळाला.

तथापि जुन्या मंडळाचे गोडवे गाताना सावध असावे. गॅलरीत बहुतेक पुरुषच बसत. गिरणीतून परतलेली बाई चुलीपाशी असे. घरकाम आवरून रात्री मोबाइलवर व्याख्यान ऐकणाऱ्या आजच्या विद्यार्थिनीला हे दार प्रथमच उघडले आहे. ते बंद व्हावे असे कोण म्हणेल?

मग आम्हां शिक्षकांचे काम उरते ते एवढेच, की चाळीत जे आपोआप घडे ते येथे नेमून द्यावे. गट लहान ठेवावा. आज कोण वाचणार हे ठरवताना आज कोण अडवणार हेही ठरवावे. ‘मला कळले नाही’ असे मोठ्याने म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असलाच पाहिजे. आणि ती पाळी आळीपाळीने सर्वांवर, शिक्षकावरही, आली पाहिजे.