चौदा दिवस तुरुंग, पाच वर्षं शाळा

गेल्या शनिवारी पावसामुळे ट्रेक बारगळला, म्हणून दिवसभर नेटवर भटकत बसलो. भटकता भटकता एका जुन्या फोटोपाशी येऊन अडकलो. लंडनचा वॉन्ड्सवर्थ तुरुंग, साल 1872. दहा वर्षांचा एक पोरगा कॅमेऱ्याकडे बघतोय. गुन्हा: दोन ससे चोरले. शिक्षा: एक महिना सक्तमजुरी.

दहा वर्षांचा असताना मी शेजारच्यांच्या कैऱ्या पाडायचो. बाबांनी एक धपाटा घातला, विषय संपला!

तेव्हाच्या इंग्लंडमध्ये सात वर्षांखालच्या मुलाला गुन्हेगार मानत नसत. सात ते चौदा या वयात 'त्याला बरंवाईट कळत होतं' असं सिद्ध झालं, की मग तो मोठ्यांसारखाच आरोपी. मुलांचा वेगळा तुरुंग म्हणून 1838 मध्ये पार्कहर्स्ट सुरू झाला. तिथे सुरुवातीला मुलांच्या पायात बेड्या असत, आणि तिथून पुढे अनेकांची रवानगी थेट ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला.

या सगळ्याविरुद्ध उभी राहिली ब्रिस्टलची मेरी कार्पेंटर. 1851 मध्ये तिने पुस्तक लिहून मांडलं की या मुलांना तुरुंग नको, शाळा हवी, आणि घरासारखी माया हवी. नुसतं लिहून थांबली नाही बाई. 1852 मध्ये किंग्जवुडला सुधारशाळा काढली, 1854 मध्ये मुलींसाठी रेड लॉज. ती इमारत कवी बायरनच्या पत्नीने विकत घेऊन दिली होती.

त्याच 1854 मध्ये कायदा आला. सोळा वर्षांखालच्या गुन्हेगार मुलाला दोन ते पाच वर्षं सुधारशाळेत पाठवता येईल. पण एक अट: आधी किमान चौदा दिवस तुरुंग! कारण काय, तर गुन्ह्याची शिक्षा झालीच पाहिजे, सुधारणा नंतर. कार्पेंटरचा याला कडाडून विरोध होता. ज्या तुरुंगापासून मुलाला वाचवायचं, त्याच तुरुंगातून त्याला शाळेत न्यायचं? आमच्या भाषेत सांगायचं तर बग फिक्स करणाऱ्या पॅचमध्येच तो बग ठेवला होता. 1866 मध्ये चौदाचे दहा दिवस झाले. अट पूर्ण जायला 1899 उजाडलं. पंचेचाळीस वर्षं!

पण मला खरं खटकलं ते वेगळंच. समजा, एखाद्या पोराला किरकोळ चोरीसाठी चौदा दिवसांची शिक्षा झाली. पूर्वी तो पंधराव्या दिवशी घरी गेला असता. आता 'त्याच्या भल्यासाठी' पाच वर्षं घराबाहेर. शिवाय आईबापांकडून आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत खर्च वसूल करायची तरतूद. शाळेत शेती, शिवणकाम, चांभारकाम, मुलींना धुणी. काही सुधारशाळा तर चक्क जहाजांवर होत्या. लिव्हरपूलजवळ मर्सी नदीतलं 'क्लॅरेन्स' जहाज 1884 मध्ये तिथल्या मुलांनीच पेटवून दिलं. शाळा नावडणं आपण समजू शकतो, पण जाळावीशी वाटणं?

म्हणून कार्पेंटर चुकली का? मला नाही वाटत. तिच्यासमोर पर्याय बेड्यांचा होता. पण दया दाखवतानाही 'किती दिवस?' हा प्रश्न विचारावाच लागतो. शिक्षेला निदान शेवटची तारीख असते. भलं करणाऱ्याला थांबायचं कधी ते कळत नाही.

ही गोष्ट तिकडचीच आहे असंही नाही. मुंबईत डेव्हिड ससूनच्या नावाची सुधारशाळा 1857 मध्येच निघाली. कार्पेंटर स्वतः 1866 मध्ये हिंदुस्थानात येऊन गेली आणि 1876 मध्ये इथेही सुधारशाळांचा कायदा झाला.

आणि ती सात वर्षांची रेघ? 1860 च्या दंडसंहितेतून ती आपल्याकडे आली. इंग्लंडने स्वतःची रेघ 1933 मध्ये आठवर आणि 1963 मध्ये दहावर नेली. आपण 2024 मध्ये नवी न्याय संहिता लागू केली, आकडा मात्र तोच: सात. आता अशा मुलांसाठी वेगळा बाल न्याय कायदा आहे, त्यांना तुरुंगात टाकत नाहीत, हे खरं. तरी जुन्या कोडमधला हा आकडा कोणीच कसा बदलला नाही, याचं नवल वाटत राहतं.

असो. पाऊस थांबलाय. पण तो दोन सशांवाला पोरगा काही डोळ्यांसमोरून हलत नाही.