जहरमोहरा आणि पोटातला केसांचा गोळा



आपल्या उदगीर-देवणीकडे गुरे पाळणाऱ्यांनी वासराला अंग चाटताना नेहमीच पाहिले असेल. चाटताना केस पोटात जातात, ते पचत नाहीत आणि कधी कधी त्यांचा चेंडूसारखा गोळा बनतो. काही रानबकऱ्यांच्या पोटात अशाच एखाद्या गाभ्याभोवती क्षारांचे थर चढून गुळगुळीत खडा तयार होतो. या खड्याने एके काळी राजेरजवाड्यांना वेड लावले होते!

फारसीत त्याला पादजहर म्हणत, म्हणजे विषावरचा उतारा. युरोपात त्याचेच ‘बेझोआर’ झाले. आपल्याकडे जहरमोहरा म्हणत. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात या खड्याचे वर्णन केले आहे. पुढे 17 व्या शतकात, खरे खडे महाग पडू लागले तेव्हा, गोव्याच्या जेझुइटांनी ते हातानेच वळायला घेतले. शिंपले, कस्तुरी, रत्नांची पूड असे जिन्नस एकत्र करायचे आणि वर सोन्याचा वर्ख लावायचा. सोन्याच्या जाळीदार डब्यांतले हे ‘गोव्याचे खडे’ युरोपातील संग्रहालयांत आजही पाहावयास मिळतात.

आता प्रश्न असा, की विष खरोखर उतरत होते काय? फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याच्या दरबारी आंब्रवाझ पारे हा शस्त्रवैद्य होता. चोरीपायी देहदंड झालेल्या एका आचाऱ्याला विष व त्यावर हा खडा देण्यात आला. बिचारा काही तासांतच तडफडून मेला. परीक्षा क्रूर खरी, पण खड्याचे बिंग फुटले. तरीही त्यानंतर शंभर वर्षांनी गोव्यात खडे वळले जातच होते, बरं का!

माणसाच्या पोटातही असा गोळा होतो. 1779 साली फ्रान्समध्ये बोदामां याने त्याची नोंद केली. शस्त्रक्रियेने तो प्रथम काढला गेला 1883 साली. कारण साधे आहे. काही मुलांना, विशेषतः मुलींना, केस उपटून गिळण्याची सवय जडते. केस गुळगुळीत असल्याने पुढे सरकत नाहीत, जठराच्या वळ्यांत अडकतात आणि अन्नाशी गुंतून वाढत जातात. मग भूक मरते, ओकाऱ्या होतात, अंगातले रक्त कमी होते, पोटात गाठ लागते. कधी आतडे अडते किंवा जठराला भोक पडते आणि जिवावर बेतते.

आणि इथेच आपली कसोटी आहे. ओकारीत केस दिसला, की कोणी म्हणते करणी, कोणी म्हणते भानामती. मग मांत्रिक येतो, शेजारच्या एखाद्या निराधार बाईवर आळ येतो आणि इकडे मुलगी खंगत जाते. 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. पण कायदा घरात शिरण्याआधी समज शिरली पाहिजे.

गुरुजनहो, वर्गात वेणीचे टोक सतत चघळणारी, डोक्यावर मधेच केस विरळ झालेली, जेवण टाळणारी मुलगी दिसली, तर तिला हसू नका, रागावू नका. आईबापांना जवळ बसवून सांगा. लातूर, नांदेड येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. गोळा मोठा असेल तर तो शस्त्रक्रियेने निघतो. पण सवयीमागे मनाचा ताण असतो, त्यावर मानसोपचार हवा. नाहीतर गोळा पुन्हा होतो.

एकाच वस्तूला माणसाने कधी अमृत मानले, कधी भुताटकी. पोटात केस आहेत, एवढे साधे सत्य ज्यांनी उघडून पाहिले, त्यांच्याच हातून रोगी वाचले.